छापलेले हाड आणि खरे जनावर

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला अनेक शरीरांची रचना एकाच वेळी शिकावी लागते. मानवी वैद्यकात २०६ हाडांचा एक सांगाडा नीट कळला की पाया घातला गेला असे म्हणता येते. पशुवैद्यकात बैल किंवा म्हैस मूळ धरून सुरुवात होते आणि मग प्रत्येक हाडाशी घोडा, कुत्रा, डुक्कर, शेळी, कोंबडी यांची तुलना करत पुढे जावे लागते. गाईला बरगड्या धरणारे मणके १३, घोड्याला १८. कमरेचे मणके गाईला ६, कुत्र्याला ७. गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यांच्या जागी कडक गादी असते. घोड्याला दोन्हीकडे दात असतात. गाईच्या हृदयात महाधमनीच्या मुळाशी चक्क एक लहान हाड सापडते. हे सगळे नुसते वाचून डोक्यात राहत नाही. हाड हातात घ्यावे लागते, उलटेपालटे करावे लागते. तोंडी परीक्षेत टेबलावर एक हाड ठेवले जाते आणि ते कोणत्या जनावराचे, डाव्या अंगाचे की उजव्या, एवढे सांगता आले पाहिजे अशी अपेक्षा असते. ज्याने वर्षभर ते हाड हाताळले त्याची बोटे उत्तर देतात. ज्याने ते फक्त पुस्तकात पाहिले तो अडखळतो.

म्हणून या विषयात वस्तूंचा तुटवडा हा ज्ञानाचाच तुटवडा ठरतो. हाडे फुटतात, झिजतात, त्यांचे नाजूक काटे मोडतात. एका वर्गातले साठ-सत्तर विद्यार्थी चार-पाच कवट्यांभोवती उभे राहतात, तेव्हा मागच्या रांगेतल्याला पुढच्याचा खांदा दिसतो. या तुटवड्यावर त्रिमित छपाई, म्हणजे रोजच्या बोलण्यातले थ्रीडी प्रिंटिंग, हा एक खरा उपाय आहे. त्याचे गुण कोणते, मर्यादा कोणत्या आणि आपल्याकडे तो वापरायचा तर कोणत्या जनावरापासून सुरुवात करायची, याचा विचार मात्र यंत्र विकत घेण्याआधी व्हायला हवा.

प्रतिकृतीवरून शिकवण्याची कल्पना भारताला परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्माच्या सरावासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. छेद घ्यायचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांच्यावर करावा, भेदन पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर, खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर, शीर टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर, पट्टी बांधण्याचा कापडी बाहुल्यावर, अशी तिथली सांगणी. त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात प्रेत वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवून सात दिवसांनी कुंच्याने थर सुटे करत आतले अवयव डोळ्यांनी पाहण्याची पद्धत दिली आहे. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात शेजारी आहेत. बाहुल्यावर हात बसवायचा आणि शरीर शरीरातच पाहायचे. आजच्या वादात प्रतिकृती की विच्छेदन असा जो पेच घातला जातो, तो सुश्रुताला पडलेला दिसत नाही.

युरोपात पशुवैद्यकाची पहिली शाळा लियोंला १७६०च्या दशकात निघाली आणि पाठोपाठ पॅरिसजवळ आल्फोरला दुसरी. आल्फोरला ऑनोरे फ्रागोनार या शरीरशास्त्रज्ञाने जनावरांची सोललेली शरीरे सुकवून, रंग भरून टिकवली; त्यातली काही तिथल्या संग्रहालयात आजही उभी आहेत. पुढच्या शतकात लुई ओझू या फ्रेंच डॉक्टरने कागदाच्या लगद्यापासून सुटे होणारे नमुने बनवले. त्याच्या लगद्याच्या घोड्याचे स्नायू, आतडी, हृदय एकेक करून काढता येत आणि पुन्हा जागच्या जागी बसवता येत. १८९० च्या दशकात फॉर्मेलिनचा उपयोग कळला आणि शरीर महिनोन्महिने टिकवणे सोपे झाले. १९७७ मध्ये जर्मनीत हायडलबर्गला गुंटर फोन हागेन्स यांनी ऊतींतले पाणी आणि चरबी काढून त्यांच्या जागी प्लास्टिक भरण्याची पद्धत शोधली. त्यामुळे खरा अवयव कोरडा, वासरहित आणि टिकाऊ झाला. प्रत्येक पिढीने आपल्या हाताशी असलेल्या साहित्यातून हाच एक प्रश्न सोडवला आहे.

भारतात ही परंपरा मुंबईत परळला १८८६ मध्ये सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात आणि चेन्नईत वेपेरीला १९०३ मध्ये सुरू झालेल्या मद्रास पशुवैद्यक महाविद्यालयात रुजली. आज पहिले नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छायेत आहे, दुसरे तमिळनाडूच्या १९८९ मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यक विद्यापीठाच्या. दोन्हींकडे विच्छेदनगृह म्हणजे लांबट टेबले, फॉर्मेलिनच्या टाक्या आणि डोळ्यांतून पाणी काढणारा वास. फॉर्मेलिनमधल्या फॉर्मलडिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. हा वास वर्षानुवर्षे नाकात घेणाऱ्यांत विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षक आणि टाक्यांतून शरीरे उचलणारे कर्मचारी अधिक असतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

शरीरे मिळण्याचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतर कत्तलखान्यातून शिकवण्यासाठी येणारे अवयव म्हशीचे, नाहीतर शेळी-मेंढीचे. घोडा सहज मिळत नाही, उंट दुर्मीळ आणि हत्ती तर बहुतेक विद्यार्थी फक्त चित्रात पाहतात. तंजावरच्या मराठा राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्राच्या आणि अश्वशास्त्राच्या पोथ्या आहेत, त्यांतली हत्ती-घोड्यांची चित्रे देखणी आहेत. पण चित्र कितीही देखणे असले तरी ते सपाट. कवटीला आत पोकळी किती आहे, ती कुठे उघडते, हे चित्राच्या मागच्या बाजूला हात घालून पाहता येत नाही.

त्रिमित छपाईत नेमके काय होते ते एका उदाहरणावरून पाहणे सोपे जाईल. विषय बैलाच्या शिंगाचा घेऊ.

शिंग बाहेरून घट्ट दिसते, आतून मात्र ते भरीव नसते. कपाळाच्या हाडात एक पोकळी असते आणि वासरू सुमारे सहा महिन्यांचे झाले की ती पोकळी शिंगाच्या हाडी गाभ्यात शिरू लागते. मोठ्या बैलाचे शिंग मुळाशी कापले तर समोर भगदाड दिसते, ते कपाळाच्या आत उतरते आणि पुढे नाकाच्या पोकळीशी जोडलेले असते. भारतातल्या देशी बैलांना शिंगाचा कर्करोग होतो. बैल मान झटकतो, शिंग खांबाला घासतो, शिंग एका बाजूला कलते आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येतो. शेतकरी म्हणतो, नाक वाहतंय. ज्या पशुवैद्याला शिंग आणि नाक यांच्यातली ही वाट माहीत आहे, तो नाकाला औषध देत बसत नाही, शिंगावर बोट ठेवून ठोकून पाहतो. उपाय बहुधा शिंग काढण्याचा. त्यासाठी शिंगाची संवेदना नेणारी नस बधिर करावी लागते. ती डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडापर्यंत जाणाऱ्या हाडाच्या कडेखालून उथळ जाते आणि साधारण मध्यावर सुई टोचतात. कड चुकली तर औषध स्नायूत जाते आणि जनावर कापताना ओरडते.

हे शिकवायला नुसती कवटी पुरत नाही, कारण पोकळी आत आहे. कवटी करवतीने उभी चिरली तर पोकळी दिसते, पण कवटी संपते. त्रिमित छपाईची खरी किंमत इथे कळते. मेलेल्या बैलाचे डोके सीटी स्कॅनच्या यंत्रात ठेवतात. पूर्ण वाढलेले जनावर त्या यंत्राच्या वर्तुळात मावत नाही, डोके मात्र मावते. यंत्र एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ अशा शेकडो आडव्या चकत्यांची चित्रे घेते. संगणकावर प्रत्येक चकतीतले हाड आणि हवा वेगळी करतात. हे काम कंटाळवाणे आणि कौशल्याचे आहे. हाड कुठे संपते आणि गाळाने भरलेली पोकळी कुठे सुरू होते, हे ठरवताना यंत्र चुकते आणि शरीररचना जाणणाऱ्या माणसाला हाताने दुरुस्त करावे लागते. त्यासाठी थ्रीडी स्लायसरसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरे आहेत. मग तयार झालेली आकृती प्रिंटरला दिली जाते. प्रिंटर प्लास्टिकची तार वितळवून दशांश दोन मिलिमीटरच्या आसपासचा एकेक थर घालत कवटी उभी करतो. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारे पीएलए हे त्यासाठीचे सर्वांत वापरले जाणारे प्लास्टिक; त्याची एक किलोची रीळ भारतात साधारण हजार रुपयांच्या घरात मिळते. साध्या प्रिंटरच्या तबकाची लांबी-रुंदी बावीस-पंचवीस सेंटिमीटर असते, त्यामुळे बैलाची कवटी तुकड्यांत छापून जोडावी लागते. ही अडचण उलट उपयोगी पडते: जोड मुद्दाम शिंगाच्या बुडाशी ठेवला, तर विद्यार्थी शिंग काढून आतली वाट पाहतो आणि पुन्हा लावतो. पोकळी वेगळ्या रंगात भरीव छापता येते, म्हणजे जी जागा रिकामी असल्यामुळे कधीच हातात येत नाही, तीच हातात येते. खऱ्या कवटीला हे कधीच जमणार नाही.

ज्या महाविद्यालयाला सीटी परवडत नाही त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. स्वच्छ केलेले हाड फिरत्या पाटावर ठेवून मोबाइलने चहूबाजूंनी शे-दीडशे फोटो काढायचे. संगणक त्यांतून पृष्ठभाग बांधतो. यातून बाहेरचा आकार मिळतो, आतला नाही. मांडीचे हाड, फऱ्याचे हाड, पायाच्या नळ्या यांना तेवढे पुरते. शिंगाला पुरत नाही.

मोठे करून पाहण्याची सोयही मोलाची आहे. कुत्र्याच्या कानातले रिकिबीच्या आकाराचे हाड दोन-तीन मिलिमीटरचे असते, ते चिमट्यात धरताना हरवते. वीस पट मोठे छापले की तळहातावर ठेवून समजावता येते. मात्र मोठ्या केलेल्या नमुन्याशेजारी खऱ्या मापाचाही एक नमुना ठेवलाच पाहिजे. हाताला चुकीचे माप शिकवले तर ते पुसायला वेळ लागतो.

त्रिमित छपाईचा शोध नवा नाही. चक हल या अमेरिकी अभियंत्याने द्रव राळ प्रकाशाने घट्ट करणारी पद्धत १९८०च्या दशकात काढली. तार वितळवून थर घालण्याची पद्धत त्याच दशकाच्या शेवटी स्कॉट क्रंप यांची. क्रंप यांच्या पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले आणि घरगुती यंत्रांच्या किमती कोसळल्या. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने २०१४ मध्ये मानवी शरीराच्या छापील रंगीत अवयवांचा संच जाहीर केला. तेव्हापासून अनेक देशांतल्या छोट्या चाचण्यांत छापील हाडांवर शिकलेले विद्यार्थी परीक्षेत निदान इतरांइतके तरी गुण मिळवतात, काही ठिकाणी जास्त, असे दिसले आहे. परीक्षेतले गुण हा मात्र अपुरा पुरावा आहे. खरी परीक्षा चार वर्षांनी रात्री दोन वाजता एखाद्या गोठ्यात होते, जिथे गाय अडलेली असते आणि हात खांद्यापर्यंत आत असतो.

तिथे छापील प्लास्टिक तोकडे पडते आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गाईची डावी भकाळी दाबली की आत कोठीपोट कणकेसारखे लागते. बोटाचा ठसा काही क्षण राहतो आणि पोट मिनिटाला एक-दोनदा वळते, ते मुठीला जाणवते. पोटफुगीत तीच भकाळी ढोलासारखी ताणते. हा फरक कोणताही प्रिंटर छापू शकत नाही. जाळीदार पोट आणि हृदय यांच्यात फक्त छाती-पोटामधल्या पडद्याचे अंतर असते, म्हणून चाऱ्याबरोबर गिळलेली तार किंवा खिळा पुढे सरकून हृदयाच्या आवरणात घुसतो आणि गळ्याखालच्या पोळीवर सूज उतरते. हे शेजारपण कळण्यासाठी पोट उघडलेल्या शरीरात हात घालून हृदयाकडे सरकवावा लागतो. मऊ रबरी प्लास्टिकमधून किंवा सिलिकॉनमधून गर्भाशय आणि गर्भाशयमुख बनवता येते, कृत्रिम रेतनाची नळी त्याच्या कड्यांतून सरकवण्याचा सराव त्यावर होतो, आणि तो जिवंत गाईवर पहिल्यांदाच हात घालण्यापेक्षा कितीतरी चांगला. गाईला त्यातून होणारा त्रास आणि इजा वाचते, ही लहान गोष्ट नाही. पण तेही सरावापुरतेच.

हाडाच्या बाबतीतही प्लास्टिक खोटे बोलते. छापील हाड आतून जाळीसारखे पोकळ ठेवतात, म्हणून ते हलके. मांडीच्या खऱ्या हाडाचे वजन हाताला जो विश्वास देते, तो इथे नाही. थरांच्या रेषांत रक्तवाहिनी जाण्याची बारीक छिद्रे बुजतात. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात नागपूर किंवा परभणीत बंद गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेले मॉडेल दुपारी वाकलेले सापडेल. समुद्राकाठी दमट हवा शोषून रीळ बिघडते, छापताना फुटफुटते, म्हणून ती सिलिका जेलच्या डब्यात ठेवावी लागते. हे प्लास्टिक कुजते असे सांगितले जाते, पण ते कुजायला कारखान्यातल्या कंपोस्टची उष्णता लागते. उकिरड्यावर ते वर्षानुवर्षे तसेच पडते. चुकलेल्या छपाईचा कचरा कुठे जाणार याचा विचार प्रत्येक प्रयोगशाळेने करावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गांतले विच्छेदन २०११ पासून कमी करत नेले आणि २०१४ मध्ये बंद केले. तो निर्णय योग्य होता. बेडूक चिरणाऱ्या त्या हजारो मुलांपैकी फार थोड्यांना पुढे कुणावर शस्त्रक्रिया करायची होती. हाच युक्तिवाद पशुवैद्यकाला लावता येत नाही. ज्याला उद्या जनावर कापायचे आहे, त्याने मेलेले शरीर हाताळलेच पाहिजे. छपाईमुळे शरीरांची संख्या कमी करता येईल. विद्यार्थी हाडे, पोकळ्या, नसांच्या वाटा आधी नमुन्यावर शिकून आला तर एका शरीरावर जास्त जण जास्त शिकतील, आणि नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांचे मालकाच्या संमतीने मिळालेले शरीर पुरेसे ठरू शकेल. हा या तंत्राचा सर्वांत मोठा नैतिक लाभ आहे.

यानंतर येतो तो प्रश्न या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे: जनावर कोणाचे छापायचे?

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या गाईच्या कवटीच्या फायली बहुतेक युरोपीय गाईंच्या आहेत. यंत्र तेच, प्लास्टिक तेच, म्हणून ती फाइल उतरवून छापणे सोपे वाटते. पण माणदेशातल्या खिलार बैलाचे डोके लांब, अरुंद, कपाळाच्या मध्यातून खाच उतरलेली आणि शिंगे मागे जाऊन वर उठणारी. तो बैल डोळ्यासमोर ठेवून हाडाची कड शोधायला शिकणाऱ्याला परदेशी कवटीवर शिकवणे म्हणजे कोकणात जायला निघालेल्याला विदर्भाचा नकाशा देणे. वशिंड असलेल्या गुरांच्या छातीच्या मागच्या काही मणक्यांचे वरचे काटे टोकाला दुभंगलेले आढळतात. उत्खननात सापडलेली हाडे वशिंडाच्या गुरांची की दुसऱ्या कोणाची, हे ठरवताना पुरातत्त्वज्ञ या खुणेकडे पाहतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये जनावरांच्या प्राचीन हाडांचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. युरोपीय फायलीत ही खूण सापडणारच नाही. पंढरपुरी म्हशीची शिंगे खांद्यामागे जातात, मुऱ्हाची घट्ट वळतात. शिंगाचे बूड, त्याचा कोन, त्यामागची पोकळी सारखी असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हशीचे गर्भाशयमुख गाईच्या मानाने आखूड आणि बारीक असते, आणि महाराष्ट्रातल्या रेतन करणाऱ्याच्या हाताखाली म्हैस रोज येते. आपल्याकडे भारतीय बैलाच्या शरीररचनेवरचे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९६४ मध्येच काढले होते. घोडा मध्यभागी ठेवलेल्या परदेशी ग्रंथांवरून बैल शिकवण्याची पंचाईत त्या पिढीने ओळखली होती. छापील नमुन्यांच्या बाबतीत तीच चूक नव्याने करायची नाही.

जिथे शरीर मिळणेच अशक्य, तिथे छपाईचा उपयोग आणखी वाढतो. कोवलम हे त्याचे बोलके ठिकाण आहे. मराठी वाचकाला कोवलम म्हटले की केरळ आठवते. हे कोवलम चेन्नईच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवर, चेंगलपट्टू जिल्ह्यात. कोळ्यांचे जुने गाव, लांब वाळूचा किनारा. तिथून आणखी दक्षिणेला वडनेम्मेलीला रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेली मद्रास क्रोकोडाइल बँक आहे. या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या अखेरीस ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. २०२५ च्या जानेवारीत चेन्नईच्या किनारपट्टीवर हजाराहून अधिक मेलेली कासवे वाहून आली आणि ट्रॉलरच्या जाळ्यांकडे बोट दाखवले गेले. कासव पाण्यात राहते, पण श्वास फुप्फुसाने घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर गुदमरते.

वाळूवर पडलेल्या अशा कासवाचे शवविच्छेदन पशुवैद्य करतात. त्यातले किती जण महाविद्यालयात कासवाचे शरीर शिकले असतील? ऑलिव्ह रिडलेची पाठ साठ-सत्तर सेंटिमीटर लांब, वजन चाळीस किलोच्या आसपास. गाय-म्हैस शिकलेल्या हाताला इथे सगळे उलटे लागते. बरगड्या आणि मणके कवचाशी एकजीव झालेले. खांद्याची हाडे बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आत, बाहेर नाहीत. पृष्ठवंशी प्राण्यांत ही मांडणी कासवांचीच. फुप्फुसे पाठीच्या कवचाला आतून चिकटलेली. म्हणून होडीच्या पंख्याने पाठीवर खोल चीर पडली, तर ती साधी पाठीची जखम समजायची नाही, ती फुप्फुसापर्यंत गेलेली असू शकते आणि तिच्यात पाणी ओतून धुणे धोक्याचे. अन्ननलिकेत मागे वळलेले कडक काटे असतात, जेलीफिश निसटू नये म्हणून. आत अडकलेला गळ ओढताना ते आडवे येतात. डोळ्यांच्या मागे मीठ बाहेर टाकणाऱ्या मोठ्या ग्रंथी असतात, त्यामुळे जिवंत कासवाच्या डोळ्यांतून चिकट पाणी वाहताना दिसले तर तो रोग नाही.

कवच, त्याखालचा कणा, आतले खांदे आणि फुप्फुसांचा साचा असा सुटा होणारा एक छापील नमुना असेल, तर किनाऱ्यावर काम करणाऱ्या तरुण पशुवैद्याला अर्ध्या तासात हे सगळे हाताने समजेल. समुद्री कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेल्या कासवाचे कवचसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय कोणी ठेवू शकत नाही, आणि तसेच असले पाहिजे. नाहीतर शिकवण्याच्या नावाखाली कवचांचा व्यापार सुरू होईल. म्हणून शवविच्छेदनानंतर ते वाळूत पुरले जाते. शरीर पुरले गेले, तरी त्याचा आकार मात्र राखता येतो. पृष्ठभागाचे स्कॅन किंवा फोटो घेतल्याने एकही कासव मरत नाही, एकही कवच जागचे हलत नाही. मगर, सुसर आणि हत्ती यांनाही हेच लागू आहे.

या कामाला पैसा लागतो त्याहून जास्त शिस्त लागते. प्रत्येक फायलीबरोबर जनावराची जात, वय, लिंग, वजन, गाव, मृत्यूचे कारण आणि स्कॅनच्या चकत्यांची जाडी लिहिलेली हवी. वय न लिहिलेले मांडीचे हाड शिकवायला निरुपयोगी, कारण वासराच्या हाडाची टोके अजून जुळलेली नसतात आणि विद्यार्थी त्या फटीला फ्रॅक्चर म्हणतो. फायली सर्वांना खुल्या हव्यात. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथल्या महाविद्यालयांनी खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, पंढरपुरी म्हैस, उस्मानाबादी शेळी वाटून घ्यावी. वेपेरी आणि नामक्कलने कांगायम बैल आणि किनाऱ्यावरचे प्राणी घ्यावेत. एका महाविद्यालयाने छापलेले हाड दुसऱ्याने पुन्हा स्कॅन करण्याची गरज पडू नये. देशी जनावरांच्या कित्येक जाती कमी होत चालल्या आहेत. आज मेलेल्या चांगल्या बैलाची कवटी उद्या मिळेलच असे नाही.

कोवलमच्या वाळूवर पडलेल्या कासवाचे चहूबाजूंनी फोटो घ्यायला अर्धा तास पुरतो. खड्डा खणायला तेवढाच वेळ लागतो. कासवांचा हंगाम दर वर्षी जानेवारीच्या सुमारास सुरू होतो. पुढच्या हंगामाआधी तमिळनाडूच्या वनखात्याने आणि पशुवैद्यक विद्यापीठाने या अर्ध्या तासाची परवानगी कागदावर आणावी.